सातबाऱ्यावरची नावं

अभ्यास केला नाहीस तर बागेत जावं लागेल, ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी धमकी होती. ती देणारे आण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतः पहाटेपासून बागेतच असायचे. निफाड तालुक्यातलं गाव, साडेचार एकर द्राक्ष, थोडा कांदा, थोडा गहू, एक विहीर आणि त्या विहिरीच्या पाण्यावर अख्ख्या घराची नजर. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघं ही धमकी ऐकतच मोठे झालो. त्यामुळे मला शेत सोडून जायचं होतं यात बंडखोरी वगैरे काही नव्हती. घरच्यांनीच ती इच्छा लावली आणि मी ती मन लावून जोपासली.

ज्यांचं बालपण शेतात गेलं नाही त्यांना शेत म्हटलं की हुरडा, विहिरीतल्या उड्या आणि बैलगाडी आठवते. द्राक्षबागेत हुरडा नसतो. तिथे औषधांचा वास असतो. गंधकाचा, बोर्डोचा, आणि ज्यांची नावं आम्हाला बाटलीच्या रंगावरून ठाऊक होती अशा कितीतरी औषधांचा. आण्णा जेवायला बसले की तो वास ताटाशेजारी येऊन बसायचा.

वर्षातून दोन छाटण्या. माल निघाला की एप्रिलात खरड छाटणी, आणि पावसाळा सरता सरता ऑक्टोबरची गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की वेलीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावायची. आम्हा पोरांना त्या दिवशी बागेत पाय ठेवायची बंदी होती. कामावरच्या माणसांना आण्णा हात जोडून सांगायचे की बाबांनो, आज आणि पुढचे काही दिवस दारूला शिवू नका, या औषधावर दारू पोटात गेली तर माणूस उलटापालटा होतो. तरी एखादा ऐकायचा नाहीच. मग रात्री जीप काढून त्याला दवाखान्यात न्यायचं.

छाटणीपासून माल निघेपर्यंत साधारण चार महिने, आणि त्या चार महिन्यांत आमची दिवाळी, सहामाही परीक्षा, सगळ्या मावश्या-आत्यांची लग्नं आणि माझी बोर्डाची परीक्षा. दिवाळीत फेलफूट, म्हणजे वेलीवरची नको असलेली जास्तीची फूट, काढायची असायची. इतर मुली मामाच्या गावाला जायच्या. माझा मामाच आमच्याकडे यायचा, तोही त्याच्या बागेतलं काम उरकून, ओवाळून घ्यायचा आणि जेवण होताच निघायचा.

डिपिंग मात्र अजून हाताला आठवतं. डिसेंबरची सकाळ, निफाडची थंडी. मगात जीएचं, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकाचं, पाणी घ्यायचं, घड त्यात पूर्ण बुडवायचा, बाहेर काढून तारेला हलका झटका द्यायचा, कारण घडाच्या टोकाला पाणी साचून राहिलं तर मण्यांवर डाग पडतात. हात वर, मान वर. मगातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून बगलेत. स्वेटर घालून उपयोग नाही, तो ओला होऊन जास्त गार लागतो. एक ओळ संपली की दुसरी. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया माझ्या दुप्पट वेगानं पुढे जायच्या आणि जाता जाता माझे राहिलेले घडही बुडवून द्यायच्या. ‘शाळेतली पोर हाये,’ म्हणायच्या. आई त्यांच्या बरोबरीनं असायची. त्यांना संध्याकाळी मजुरी मिळायची, आईला नाही, हे मी तेव्हाही बघत होते. त्यावर विचार करायला बराच उशीर लागला.

कष्टाचा मला तसा कंटाळा नव्हता. मला नको होतं ते आभाळ. नोव्हेंबरात ढग आले की घरात कोणी नीट जेवायचं नाही. डावणी हा बुरशीचा रोग येणार म्हणून आण्णा रात्री ट्रॅक्टरला ब्लोअर लावून फवारायला जायचे, आई कंदील घेऊन बांधावर. मणी भरल्यावर पाऊस आला तर मणी तडकतात. थंडी फार पडली तरी तडकतात. मग पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या आणि वीज असेल तर ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. रेडिओवर ‘निफाडमध्ये राज्यातलं नीचांकी तापमान’ अशी बातमी लागली की पुण्या-मुंबईच्या लोकांना मजा वाटत असेल. आमच्याकडे ती लागली की आण्णा रेडिओ बंद करायचे. ढग आले तरी माणसं गप्पा मारत जेवतात अशा घरात मला राहायचं होतं. माझं स्वप्न म्हणून जे काही होतं ते एवढंच.

दहावीच्या वर्षी बागेतला माल एका व्यापाऱ्याला दिला. भाव चांगला ठरला, निम्मे पैसे रोख, बाकीचा चेक. माझा भूमितीचा पेपर होता त्या आठवड्यात चेक परत आला. व्यापाऱ्याचा फोन बंद. गावातल्या बऱ्याच जणांचं तसंच झालं होतं. पोलिसात तक्रार गेली, पुढे काही झालं नाही. आण्णांनी मला काही कळू दिलं नाही, पण घरात गावच्या सोसायटीच्या पीककर्जाच्या हप्त्याचा विषय निघाला की ते आणि आई उठून ओट्यावर जायचे. मी भूमितीत बरे गुण मिळवले. अकरावीला नाशिकला वसतिगृहात गेले आणि तिथून पुढे पुण्याला.

इथे लोकांना अपेक्षा असते की मी म्हणावं, शहरात आल्यावर मातीची ओढ लागली. मला नाही लागली. नळाला पाणी येतं, पगार एक तारखेला होतो आणि पाऊस पडला तर छत्री घ्यायची, यापलीकडे काही करावं लागत नाही, याचा आनंद मला कित्येक वर्षं पुरला. मी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात लागले. मार्चमध्ये आम्हालाही जागरणं असतात, पण ती आकड्यांसाठी. गारांसाठी नाही.

आईनं माझ्यापुरती एक गोष्ट लहानपणीच ठरवून टाकली होती, ‘तुला शेतकऱ्याच्या घरात द्यायची नाही.’ स्थळं बघायला लागल्यावर आण्णांनी तिच्यात भर घातली. मुलगा नोकरीला हवा आणि गावाकडे थोडीफार जमीनही हवी. जमीन असावी, पण ती कसणारा नवरा नसावा. तसा मुलगा मिळालाही. भावाच्या वेळी हीच अट उलटून आमच्या दारात आली. त्यानं बारावीनंतर बाग हातात घेतली होती, कोणीतरी घेणं भागच होतं. मुलींचे बाप यायचे, बाग फिरून बघायचे, नवा वाय अँगलचा मांडव बघून मान डोलवायचे आणि चहा पिता पिता विचारायचे, ‘पोरगा नोकरीचं काही बघत नाही का?’ तिशी ओलांडली तेव्हा कुठे त्याचं लग्न जमलं. मी आणि तो एकाच धमकीवर वाढलो. मी पास झाले म्हणून सुटले, आणि तो बागेत राहिला म्हणजे नापास झाला, असं गावानं आणि थोडंफार आम्हीही धरून चाललो. त्याच्या हातची बाग आण्णांच्या बागेपेक्षा उजवी होती, तरीही.

आण्णांचे फोन यायचे ते हवामानाचेच. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला तेव्हा ते फोनवर फक्त ‘गेलं’ एवढंच म्हणाले. त्यातून जगवलेला थोडा माल निर्यातीला धरला होता, तर त्याच हंगामात, 2010 साली, क्लोरमेक्वाटच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षांच्या खेपा अडल्या. एरवी सगळे सर्रास वापरायचे ते वाढरोधक, आणि एकाएकी त्याच्यावरून माल परत. आण्णांनी शेवटी कवडीमोल भावानं बाग उरकली. मी पैसे पाठवले. त्यांनी ते पुढच्या हंगामात व्याजासकट परत केले, मी नको म्हणत असताना. लेकीचे पैसे घ्यायचे नसतात म्हणे.

आण्णा गेले ते 2022 च्या पावसाळ्यात. दिवसकार्य झालं आणि भाऊ कागदांच्या मागे लागला. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज. गाव नमुना सहा-कमध्ये वारसांची नोंद, मग फेरफार, मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हे सगळं सुरळीत झालं, मला त्यासाठी काही करावंही लागलं नाही. नव्या सातबाऱ्याचा फोटो भावानं पाठवला. आण्णांच्या नावाला कंस पडला होता आणि खाली तीन नावं आली होती: आई, भाऊ, मी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे महाराष्ट्रानं 1994 साली कायद्यात आणलं आणि देशभर 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. स्वतःचं नाव गट नंबराच्या शेजारी छापलेलं बघणं ही वेगळी गोष्ट. मी तो फोटो मोठा करून बघितला आणि कामाला लागले.

दिवाळीनंतर भावाचा फोन आला. वकिलानं कागद तयार केलाय, एक दिवस ये, निबंधक कार्यालयात सही करून टाकू.

आमच्याकडे हे नवीन नाही. बाप गेला की बहिणी हक्कसोडपत्र करून देतात, भाऊ साडीचोळी करतो, आणि माहेर शाबूत राहतं. माझ्या आत्यांनी केलं, मावश्यांनी केलं. जी करत नाही तिच्याबद्दल ‘तिनं वाटा घेतला’ असं म्हणतात आणि ते ज्या सुरात म्हणतात तो ऐकण्यासारखा असतो. भावाची बाजूही खोटी नव्हती. पीककर्जाला तिघांच्या सह्या, ठिबकच्या अनुदानाला तिघांची संमती, आणि एक सही पुण्यात. तो म्हणाला, ‘ताई, तुला तर शेती नकोच होती ना?’

यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. खरंच नको होती. मी कागद व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगितला, कारण न वाचता सही करायची नाही ही आमच्या धंद्यातली सवय.

रात्री जेवणं उरकल्यावर वाचायला बसले. वकिली मराठी सगळीकडे सारखीच असते. राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता, विनामोबदला. लिहून घेणार, भाऊ. लिहून देणार क्रमांक 2, मी. लिहून देणार क्रमांक 1, आई.

आईचंही नाव कमी करायचं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी लपवलंही नसावं. भावाच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आई त्याच्याकडेच राहते, तिला काय कमी आहे, पुढे परत तिची वारसनोंद करत बसण्यापेक्षा आत्ताच एकदम मोकळं. मी माझ्या नावाशी येऊन थांबले नव्हते, ते नाव मी कदाचित सोडलं असतं. आईच्या नावाशी थांबले. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या बागेत आहे. छाटणी, पेस्ट, फेलफूट, डिपिंग, विरळणी, क्रेट भरणं. आणि सातबाऱ्यावर तिचं नाव आलं ते नवरा मेल्यावर, तेही वर्षभर टिकू नये?

मी शनिवारी गावी गेले. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला काय करायचंय नाव? नाव काय चुलीत घालू?’ मग भाकरी थापता थापता तिनं एक गोष्ट सांगितली. मी ती आधी अर्धवट ऐकली होती. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. आई तेव्हा नवी नवरी होती. गावातल्या बायांबरोबर ट्रॉलीत बसून ती गेली होती, पदराला लाल बिल्ला लावून. एवढ्या बाया एका जागी तिनं त्याआधी पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. पुढे काही वर्षांनी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. गावोगाव लोकांनी केली. आण्णाही संघटनेचे, आंदोलनात रस्त्यावर बसलेले. आईनं एकदा विचारलं. ते म्हणाले, करू की, एवढी छाटणी उरकू दे.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, दरसाल छाटणी असती,’ आई म्हणाली.

मी भावाला सांगितलं, मी माझी सही करते, आईचं नाव राहू दे. मला वाटलं हा तोडगा सगळ्यांना चालेल. आईला चालला नाही. ‘ही सोडणार असेल तर मी पण सोडते. ठेवायचं तर दोघींचं ठेवा,’ एवढं बोलून ती गोठ्याकडे गेली. भाऊ माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच तिला पढवून आणलंय. हक्कसोडपत्र झालं नाही. दोन्ही नावं राहिली ती तिच्यामुळे. गावात मात्र मीच वाटा अडवून बसले अशी वदंता आहे, आणि ती खोडायला मी काही घरोघर जाणार नाही.

त्यानंतरची भाऊबीज वाईट गेली. मी गेले, ओवाळलं, तो ताटात पाकीट ठेवून ट्रॅक्टर बघायला निघून गेला. फोन यायचे ते आईच्या फोनवरून. वर्षभर हे असंच चाललं. मग अतिवृष्टीच्या अनुदानाचा प्रश्न आला. जमीन सामाईक असली आणि पैसे एकाच्याच बँक खात्यावर जमा करायचे असले तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. त्याला मला फोन करावाच लागला. मी त्याच दिवशी सही करून कागद कुरिअर केला. पुढे पीककर्जाची संमती, शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधारची जोडणी, एकदा ठिबकच्या फाईलसाठी. सही मागताना माणूस फार वेळ रुसलेला राहू शकत नाही. आता तो सही मागतो आणि जाता जाता बागेचंही सांगतो. घड किती राखले, यंदा प्लास्टिकचं आच्छादन टाकावं का, त्याचा खर्च कसा बसेल. खर्चाचं मला कळतं. पहिल्यांदा मी त्याला तीन वर्षांचा हिशेब मांडून दाखवला तेव्हा तो म्हणाला, एवढं तर सोसायटीच्या सचिवालाही येत नाही. त्याच्याकडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

उत्पन्नातलं मी काही घेत नाही, ते कसणाऱ्याचं. एवढंच ठरवून घेतलं की माल गेला की ठरलेली रक्कम आईच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हायची. ती त्यातून काय करते हे विचारायचं नाही. भावानं एकदा विचारलंच, तेव्हा कळलं की ती भिशी लावते.

पुण्यात माझ्या ऑफिसात एक गंमतच होते. मोठ्या पगाराचे लोक मला एकटीला गाठून विचारतात, तुमच्या नावावर जमीन आहे का हो? त्यांना मुळशीकडे नाहीतर भोरला फार्महाऊससाठी जागा घ्यायची असते आणि कुळकायद्यानं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. शेतकरी असल्याचा दाखला कुठून मिळवता येईल याची त्यांची खटपट चाललेली असते. लहानपणी ज्या ओळखीतून सुटायला मी भूमिती घोकली, तिच्यासाठी ही माणसं एजंटला पैसे मोजायला तयार आहेत. मी त्यांना डिपिंगबद्दल सांगते. कोणी फारसं ऐकत नाही.

गावी परतायचं का, असं नवरा कधी कधी गमतीनं विचारतो. नाही. तिथे राहायची इच्छा मला तेव्हाही नव्हती, आताही नाही. ढग आले की हल्ली मी जेवता जेवता मोबाईलवर निफाडचं हवामान बघते, इतकाच फरक पडलाय. मुलगी ओरडते, आई, ताटावर फोन नको.

गेल्या खेपेला बागेत भावजय भेटली. फेलफूट काढत होती, हिरव्या रसानं बोटं काळी पडलेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, ‘ताई, तुमचं नाव राहिलं, आईंचं राहिलं, बरं झालं. माझं कुठंच नाही बघा.’ तक्रारीचा सूर नव्हता. हात थांबला नव्हता.

तिचं खरंच कुठे नाही. भावाच्या हयातीत ते आपोआप येणारही नाही. पण नवऱ्यानं लेखी अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, 1992 चं शासनाचं परिपत्रक आहे, लक्ष्मीमुक्तीच्या नावानंच. मी तहसीलदारांच्या नावे अर्जाचा मसुदा करून नेला आणि रात्री जेवणं झाल्यावर भावापुढे ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

‘करू ना,’ तो म्हणाला. ‘एवढी छाटणी होऊ दे.’

आई मोरीत भांडी घासत होती. तिथूनच ओरडली, ‘छाटणीचं मला सांगू नको. पेन आहे का घरात?’